माझ्या चपला, मनुबाईचे पाय

सासूचा पाय बरा व्हावा, असं तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. तिचं नाव मनुबाई, मी तिला आई म्हणायचे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाळकुमहून निघायचं आणि वर्तकनगरात दारोदार फिरायचं, हे तिने पंचवीस वर्षं केलं. कुणाकडे गुरुवार पाळतात, कुणाला बोंबील चालत नाहीत, सगळं तिला पाठ. तिच्या हाकेला आधी मांजरं येत, मग बायका. तिचा पाय बसला तर पाटी माझ्या डोक्यावर येणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण ठरलेलं होतं. मी वागळे इस्टेटमध्ये औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला जायचे. आठ तास उभं राहून माझेही पाय भरून यायचे, पण ती नोकरी माझी होती. मला ती सोडायची नव्हती.

सत्त्याऐंशी साली तिचा उजवा घोटा सुजला तो उतरेचना. हळदीचे लेप झाले, चोळणारी बाई झाली, नाक्यावरच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. पाटी तिने एक दिवस सोडली नाही. जिने चढायची ती खालूनच हाका मारायला लागली, एवढाच फरक. विचारलं तर काही दुखत नाही म्हणायची, आणि घरी आली की उंबऱ्यावर घोटा धरून कण्हायची. मला तिचा रागच यायचा.

शेवटी कळलं की ठाण्यात एका दवाखान्यात दर गुरुवारी मुंबईहून पायांचे मोठे डॉक्टर येतात. नंबर लागायला दीड महिना गेला. जायच्या दिवशी आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, अंबाड्यात फुलं माळली आणि पायांकडे बघून थांबली. तिच्या स्लिपरचा पट्टा तारेने बांधलेला होता. मोठ्या डॉक्टरकडे असं कसं जायचं? मीच तिला माझ्या चपला दिल्या आणि तिच्या स्लिपर मी घातल्या.

डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला, एक्स-रे पाहिला आणि दाराबाहेर काढलेल्या चपला आत मागवल्या. त्यांनी त्या चक्क हातात घेऊन उलट्या केल्या. आई खुर्चीतून अर्धी उठली. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पायातलं हातात धरायचं म्हणजे काय! तळ आतल्या बाजूने झिजले होते. रोज ह्याच घालता का, असं त्यांनी विचारलं. आई हो म्हणाली. मी शेजारीच उभी होते, मीही बोलले नाही. चपला उसन्या आहेत हे सांगायची आम्हा दोघींना लाज वाटली.

पाऊल आत कलतंय, तेव्हा चपलांना आतल्या कडेने उंचवटा बसवा, असं त्यांनी लिहून दिलं. चांभाराने तो बसवला आणि चपला आईच्या झाल्या.

महिनाभर ती त्या घालून फिरली. तिचा भार मुळात बाहेरच्या कडेवर पडायचा. उंचवट्याने पाऊल आणखी बाहेर लोटलं. तिच्या स्लिपर बाहेरून झिजल्यात, हे मी त्या रोज घालताना बघत होते. तरी सुरुवातीला दुखणारच, असं तिला सांगत राहिले. खरं सांगायचं तर पुन्हा त्या डॉक्टरांपुढे उभं राहावं लागलं असतं. मग एका सकाळी कापूरबावडीजवळ ती पाटीसकट खाली बसली. आनंदा रिक्षावाल्याने तिला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी घोटा पुन्हा दाबून पाहिला. त्यांनी चपला परत मागवल्या, तेव्हा आईच बोलली.

"डाक्टर, त्या माज्या नाय. सुनंच्या हायत."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि म्हणाले, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मग मला स्टुलावर बसवून माझे पाय तपासले. माझी पावलं आत कलत होती, दोन्ही. त्यांनी मला त्या चपला घालून चालायला लावलं. मी चार पावलं टाकली आणि थांबले. दुखलं नाही. आधी कधी दुखलं नव्हतं, ते आठवेना. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर बरं वाटतंय याची लाजही वाटली.

आईला प्लास्टर घातलं. चालता येईल, पण ओझं कायमचं बंद, असं त्यांनी सांगितलं. रिक्षात ती बाहेर बघत बसली. बाळकुम आल्यावर म्हणाली, "तुजं पाय तरी बरं झालं गो." ते तिने मनापासून म्हटलं.

पुढच्या सोमवारी मी नोकरी सोडली. आता पाटी मी नेते. अकरा वर्षं झाली. पाय दुखत नाहीत, म्हणून एखादा दिवस घरी बसायला कारणही नाही.