मावशी आणि जुनं प्रसूतिगृह

माझ्या मावशीने उभा जन्म आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवण्यात घालवला, पण स्वतः एकही इमारत बांधली नाही. कुणी त्यावरून छेडलं तर ती म्हणायची, "बांधणारे पुष्कळ आहेत. ज्या आहेत त्या नीट बघणारं कुणीतरी नको का?" मी शिकायला म्हणून तिच्याकडे गेले आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. त्यामुळे पुढे जे घडलं, ते बरंचसं मी घरात बसून पाहिलं.

कॉलेजातली मुलं तिला पाठीमागे 'का मॅडम' म्हणत. एखाद्याने रात्रंदिवस खपून ड्रॉइंग आणलं की ती ते शांतपणे बघायची आणि एका रेघेवर बोट ठेवायची. हे दार इथंच का? छान दिसतं म्हणून, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, कुणाला? तिथे भल्याभल्यांची बोबडी वळे. पण तिने कधी आवाज चढवला नाही, की कुणाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल टेकवली नाही. रेघ तुझी आहे, तर तूच खोड, एवढंच म्हणायची.

घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. स्वयंपाकघरातला एक खण कायम अडकायचा, न्हाणीघराची कडी वर उचलून मग ओढावी लागायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेत भूगोल शिकवायचे. पाहुण्यांनी त्या खणाशी झटापट केली की ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "ओढू नका, तो वारसा आहे."

मावशीचं नाव झालं ते जुन्या प्रसूतिगृहामुळे. ती दगडी, दुमजली इमारत होती. पुढे कमानींची ओसरी, आत रुंद लाकडी जिना, आणि वरच्या मजल्यावर एक लांबच लांब वॉर्ड. निम्मं गाव तिथे जन्मलेलं. मावशीने पीएच.डी.साठी हीच इमारत घेतली होती. पंख्याशिवाय हा वॉर्ड थंड कसा राहतो, हा तिचा विषय. बायकांच्या वॉर्डात मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या एका विद्यार्थिनीला कुणी उभं केलं नसतं. तिला आत घेतलं ते तिथल्या डॉक्टरताईंनी.

डॉक्टरताई म्हणजे ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. मावशीपेक्षा बऱ्याच मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. पेशंट झोपल्या की त्या मावशीला बोलवून घेत. मग दोघी उदबत्ती पेटवून प्रत्येक दाराशी उभ्या राहत आणि धूर कुठून येतो, दारांवरच्या झरोक्यांतून कुठे जातो ते बघत. डॉक्टरताईंचं त्या विषयाशी काही देणंघेणं नव्हतं, पण धुराच्या मागे मान वळवत फिरण्यात त्यांना लहान मुलीसारखी मजा वाटे. तिथून दोघींचं जे गूळपीठ जमलं, ते पीएच.डी. संपल्यावरही सुटलं नाही. रविवारी डॉक्टरताई आमच्याकडे चहाला यायच्या, आणि आजी गेल्यावर तर कुठलीही मोठी गोष्ट मावशी आधी त्यांना विचारायची.

मी मावशीकडे येण्याच्या आधीची एक गोष्ट मी ऐकून होते. इमारत पाडून तिथे दुकानांची चवड उभी करायचं घाटत होतं. तेव्हा या दोघींनी जंग जंग पछाडलं. दारोदार गेल्या, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. मावशीने नकाशे दाखवले, डॉक्टरताईंनी लोकांना तुम्ही कुठं जन्मलात ते विचारलं. इमारत वाचली. त्या विजयावर मावशीची पुढची सगळी वाट तयार झाली. जुन्या इमारतींचं जतन हा स्वतंत्र विषय कॉलेजात तिने सुरू केला, बाहेरून बोलावणी येऊ लागली. पहिल्या तासाला ती मुलांना प्रसूतिगृहातच घेऊन जायची.

नंतर बऱ्याच वर्षांनी तिथल्या मागच्या भिंतीला तडे गेले. इमारतीचं करायचं काय, ही चर्चा पुन्हा सुरू झाली. डॉक्टरताई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण पहिल्या लढ्यात स्थापन झालेल्या बचाव समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. इमारतीची तपासणी कॉलेजाने करावी असं ठरलं तेव्हा समितीने आनंदाने होकार दिला. तपासणारी आपलीच होती ना.

मावशी आणि कॉलेजातले स्ट्रक्चरचे सर, दोघांनी तपासणी केली. सर फार कमी बोलत. तड्यांवर त्यांनी काचेच्या छोट्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी पक्क्या चिकटवल्या. भिंत हलली नाही तर काच तशीच राहते, हलली तर तडकते. जुनी इमारत, थोडीफार तडकणारच, असं मावशी घरी म्हणाली. पुढच्या खेपेला ते गेले, तर वरच्या वॉर्डाखालच्या बहुतेक पट्ट्या तडकलेल्या होत्या.

मग त्यांनी तुळयांची टोकं उघडून पाहिली. भिंतीत शिरलेलं लाकूड बाहेरून ठणठणीत दिसत होतं, आतून भुगा झाला होता. कुणीतरी कधीतरी लाकडी जमिनीवर काँक्रीट ओतून ठेवलं होतं, त्याचं ओझं त्या भुग्यावर. शिवाय गळक्या गटाराने मागच्या भिंतीखालची माती वाहून गेलेली. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बोला." वर बायका तान्ह्या पोरांना घेऊन झोपल्या होत्या. मावशी सरळ जिना चढून गेली, मुख्य डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि वॉर्ड आजच्या आज खाली करा म्हणाली. संध्याकाळपर्यंत खाटा समोरच्या शाळेच्या सभागृहात हलल्या.

त्या दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. काकांनी चहा पुढे ठेवला, तो निवून गेला. नंतर तिने सगळं सांगितलं. दुरुस्ती होऊ शकते का, असं काकांनी विचारलं. होऊ शकते, ती म्हणाली, पण आतलं सगळं काढून नवं घालावं लागेल. जुना राहील तो फक्त चेहरा, आणि तरीही मागची भिंत धरेल याची खात्री नाही.

"मग अहवालात काय लिहिणार आहेस?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाची इमारत असती तर काय लिहिलं असतं, ते लिहिणार."

आपलेच दात अन् आपलेच ओठ, अशी गत झाली होती. पण समितीला कागदावरून कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी ती आधी डॉक्टरताईंकडे गेली. मीही तिच्याबरोबर होते. मावशीने लाकडाचं, मातीचं, सगळं समजावून सांगितलं. शेवटी डॉक्टरताई म्हणाल्या, "मी तुला त्या वॉर्डात घेतलं नसतं, तर तू आज कुठे असतीस?"

"कुठेच नसते," मावशी म्हणाली. "तरी मला हेच सांगावं लागेल, ताई."

डॉक्टरताई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. आम्ही थोडा वेळ थांबलो, मग दार ओढून घेऊन निघालो.

समितीच्या सभेत मावशीने इमारत उतरवावी लागेल असा अहवाल वाचला, आणि व्हायचं तेच झालं. दुकानवाल्यांनी मॅडमना फोडलं, असंही एकजण म्हणाला. मावशी ऐकून घेत होती. त्या माणसाला डॉक्टरताईंनीच खाली बसवलं. ती चुकते आहे, विकली गेलेली नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं. पण सभा संपल्यावर त्या मावशीच्या समोरून निघून गेल्या. त्यानंतर रविवारचा चहा बंद झाला. मावशीने एकदोनदा फोन केला. कामवाल्या बाईने ताई झोपल्या आहेत असं सांगितलं. कॉलेजातही काही जण तिला टाळू लागले. जन्मभर जतन शिकवलं आणि वेळ आली तेव्हा हात वर केले, हे तिच्या कानावर येत होतं. ती त्यावर मूग गिळून बसायची.

शेवटी इमारत उतरवायचं ठरलं. एका गोष्टीवर मात्र मावशी हटून बसली. इमारत यंत्राने जमीनदोस्त करायची नाही, हाताने उतरवायची, आणि मुलांना तिथे येऊ द्यायचं. तिने त्या वर्षीचा जतनाचा विषय तिथेच शिकवला. मुलं डोक्याला टोप्या घालून दगडांवर आकडे रंगवत, जिन्याच्या पायऱ्यांची मापं घेत, चुन्याचे थर कागदावर उतरवत. इमारत कशी बांधली हे ती उलगडताना जेवढं कळलं, तेवढं माझ्या पीएच.डी.त मला कळलं नव्हतं, असं मावशी म्हणायची. तुळया बाहेर आल्या तेव्हा एका मुलीने टोकावर हात ठेवला, तर तिची बोटं मुळापर्यंत आत गेली. मुलांनी फोटो काढले.

ते डॉक्टरताईंना पाठव, मी म्हटलं. मला तिचा राग आला होता. ज्याने सगळं सिद्ध होईल ते हातात असून ती गप्प का, हे मला समजत नव्हतं.

"त्यांना हरवायचं नाहीये मला," मावशी म्हणाली. "त्यांचं घरच पाडलं आहे मी. त्यावर आणि फोटो काय पाठवायचे?"

पुढची कमानींची ओसरी भक्कम होती, ती राखली. आज नव्या इमारतीसमोर पेशंटचे नातेवाईक तिच्यात डबे खात बसतात. मावशीला ते फारसं रुचलं नाही, नुसतं नाक ठेवल्यासारखं वाटतं म्हणायची. पण लोकांना सावली मिळते, तेव्हा असू दे.

मग माझं लग्न झालं, मी दुसऱ्या गावी गेले. मधे काही वर्षं गेली. एका सुट्टीत मी मावशीकडे आले असताना डॉक्टरताईंचा फोन आला. त्या घरात पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. जिना चढताना तोल जातो, कठडा बसवायचा आहे, सुतार म्हणेल तसा नको. मावशी फोन ठेवून लगेच उठली. मला म्हणाली, चल.

डॉक्टरताई खूप वाळल्या होत्या, आवाज मात्र तसाच. "बसू नकोस, आधी जिना बघ," एवढंच म्हणाल्या. मावशीने त्यांना कठडा कुठे हवा ते स्वतः दाखवायला लावलं, उभं राहून, मग दोन पायऱ्या चढून. हात थकल्यावर कुठे टेकतो ते पाहिलं. भिंतीकडच्या बाजूलाही एक लागेल, ती म्हणाली, उतरताना दुखरी बाजू बदलते. डॉक्टरताईंनी मान हलवली. अर्धा जिना झाल्यावर त्या पायरीवरच बसल्या, मावशी खालच्या पायरीवर.

"एक सांग," डॉक्टरताई म्हणाल्या. "ती खरंच पडली असती का ग?"

मावशीने वर त्यांच्याकडे पाहिलं. "माहीत नाही, ताई. कदाचित आणखी वीस वर्षं उभी राहिली असती. पण पडणार नाही असं मला म्हणता येईना, आणि वर बायका होत्या."

"हं," डॉक्टरताई म्हणाल्या. "माझ्याकडे अशी बाई आली असती, तर मीही वाट बघत बसले नसते. कापलंच असतं." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि चहाचं बघतेस का म्हणाल्या. साखर कुठे आहे तेही खणखणीत आवाजात सांगितलं.

कठडे महिनाभरात बसले, दोन्ही बाजूंना. त्यानंतर मावशी आठवड्यातून एकदा तिकडे जायला लागली. आता डॉक्टरताईंना येणं जमत नव्हतं. मुलांना दवाखान्याचं डिझाइन करायला दिलं की ती त्यांची टोळीच त्यांच्या घरी न्यायची. बाळंतीण रात्री पाणी प्यायला कशी उठते, नर्सला एका जागेवरून किती खाटा दिसायला हव्यात, हे डॉक्टरताई उशीला टेकून सांगायच्या, आणि मुलं जमिनीवर बसून लिहून घ्यायची. एका मुलाने आपल्या नकाशात संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. त्याला त्यांनी, तू एकदा टाके घालून घे आणि चालून दाखव, असं सांगितलं. तो नकाशा त्याने तिथेच बदलला.

डॉक्टरताई पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. मावशी वर्षभराने निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्यांनी तिने वाचवलेल्या इमारतींची नावं वाचून दाखवली. उत्तराला उभी राहिल्यावर ती म्हणाली, त्यात एक नाव राहिलं, जी मी उतरवायला सांगितली तिचं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिने. मग तिने मुलांचे आभार मानले आणि खाली बसली. काकांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी जरा जवळ ओढून घेतली होती.