पहिला हाफ इंग्लंडचा

माझ्यासारखा तापट माणूस रेफरी कसा झाला, याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. दुसऱ्याला गप्प बसवायला ज्याला आवडतं, तोच शिट्टी गळ्यात अडकवतो. मी मिरजेत एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आठवडाभर पोरांवर ओरडून झालं की शनिवार-रविवारी संध्याकाळी टीव्हीवर युरोपातले फुटबॉल सामने लावून बसतो. गोल कुणी केला याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. मी रेफरी बघतो.

नियमांचं पुस्तक सगळीकडे एकच, तरी प्रत्येक देशाची रीत वेगळी. इंग्लंडमध्ये खांद्याला खांदा भिडला, एखादा भुईवर आपटला, तरी रेफरी दोन्ही हात पुढे पसरून 'चालू द्या' म्हणतो. तेवढ्याच धक्क्याला स्पेनमध्ये शिट्टी वाजते, आणि वर कुणी तोंड उघडलं की पिवळं कार्ड. हे मी अभ्यासासारखं बघत आलो. पण मोबाईल आल्यापासून आमच्याकडची पोरंही बघायला लागली आणि शहाणी झाली. शिट्टी वाजवली की एक म्हणणार, इंग्लंडमध्ये हे देत नाहीत. नाही वाजवली की दुसरा म्हणणार, स्पेनमध्ये कार्ड दिलं असतं. सात जन्मांत त्यांच्यापैकी कुणी पुणे ओलांडलं नव्हतं.

परवाच्या हिवाळ्यात इथल्या मैदानावर स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात मी कुंडलच्या टीमला एक पेनल्टी दिली. पेनल्टी खरी होती, आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण कुंडलचा कॅप्टन माझा सख्खा भाचा, धाकट्या बहिणीचा एकुलता एक, आणि हे गावभर ठाऊक. 'मामा, मामा' असा जो कालवा उठला तो सामना संपेपर्यंत थांबला नाही. सोमवारी शाळेत सहावीतली पोरंसुद्धा मला बघून खाली मान घालून हसली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

अंतिम सामना कुंडल आणि मिरजेच्या एका गल्लीची टीम यांच्यात ठरला. मिरजेची पोरं सतार-तंबोरे बनवणाऱ्या घरांतली, अंगानं बारीक, पायात कसब. कुंडलची पोरं उसाच्या रानातली, रोज पहाटे मिलिटरी भरतीसाठी पळणारी. भाचा त्यांच्यात पुढे. त्याचे वडील फौजेत होते, चुलते होते, आणि वयाच्या हिशेबानं त्याची ही शेवटची भरती. तीन आठवड्यांवर आली होती. सोळाशे मीटर तो सगळ्यांच्या आधी मारायचा.

सामन्याआधी दोन्ही कॅप्टन मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सर, आमाला इंग्लंडची रीत पायजे," भाचा म्हणाला. मैदानात तो मला मामा म्हणत नसे. "अंगाला अंग लागलं की शिट्टी नको."

"आणि आमचे मोडलेले पाय कोण मोजणार?" मिरजेचा कॅप्टन म्हणाला. "स्पेनसारखं करा सर. हात लागला की फाऊल."

शहाण्या माणसानं दोघांनाही हाकललं असतं. माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. मी म्हणालो, पहिला हाफ इंग्लंडचा, दुसरा स्पेनचा. कबूल? दोघांनी कबूल केलं. मंडपातल्या निवेदकानं लगेच माईकवरून जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. असला तोडगा कुणाला सुचला नव्हता. माझी छाती फुगली, हे कबूल करायला हवं. आता मामा म्हणून कुणी ओरडणार नव्हतं.

विसाव्या मिनिटाला भाचा उजव्या बाजूनं चेंडू घेऊन निघाला. चेंडू त्यानं पुढे सारला होता, निघून गेला होता. मग मिरजेचा बचावपटू आला, बुटाचे स्टड वर करून, सरळ गुडघ्यावर. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. मी दहा पावलांवर होतो आणि मध्ये कुणी नव्हतं.

लाल कार्ड मी मागच्या खिशात ठेवतो. हात तिथपर्यंत गेला होता. तेवढ्यात मला 'मामा, मामा' ऐकू आलं. कुणीही ओरडलं नव्हतं, तरी ऐकू आलं. मी हात रिकामाच बाहेर काढला, दोन्ही हात पसरले आणि 'चालू द्या' म्हणत चेंडूमागे पळालो. मिरजेच्या पोरांनी चेंडू तसाच पुढे नेऊन गोल केला.

भाचा अजून आडवाच होता. लोक हसत होते. "ऊठ की रं, इंग्लंडची लीग हाय ही," कुणीतरी ओरडलं आणि सगळा मंडप खिदळला. मी त्याच्याजवळ गेलो. त्याच्या ओठांवर माती चिकटली होती. निदान खाली तरी बसायचं. मी उभ्या उभ्या, चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "इंग्लंड कुणी मागितलं हुतं? ऊठ."

तो लहानपणापासून माझं ऐकणारा. तो उठला. एक पाऊल टाकलं आणि त्याचा गुडघा आडवा गेला.

त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मी खेळ पुढे चालू केला. दुसऱ्या हाफला मी स्पेनचा झालो. कुंडलच्या एका पोरानं माझ्याकडे हात नुसते वर केले, त्याला पिवळं. तोच पुढे पुटपुटला, दुसरं पिवळं, बाहेर. मिरजेचा तोच बचावपटू कुंडलच्या गोलासमोर धक्का लागायच्या आधीच लोळला, त्यालाही मी पेनल्टी दिली. ठरल्याप्रमाणे सगळं. निवेदक म्हणाला, सख्ख्या भाच्याचीही भीड न ठेवणारा पंच मिरजेनं आज पाहिला. मला शाल आणि नारळ दिला. शाल अंगावरच ठेवून मी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते, त्यांना आडवळण जमत नव्हतं. दोन लिगामेंट तुटलीत, ऑपरेशन करू, चालेल नीट, पण भरतीचं विसरा. भाच्यानं भिंतीकडे तोंड केलं. बहीण एसटीनं कुंडलहून आली तेव्हा साडेपाच वाजले असतील. तिनं आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग शालीकडे.

"दादा, तू हुतास न्हवं तिथं?"

"हुतो."

"मग?"

मी तिला इंग्लंड समजावून सांगायला लागलो. दोघांनी कबूल केलं होतं, टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "इंग्लंडचं मला काय कळत न्हाई. तू हाईस म्हणून मी घरात निवांत बसले हुते." मग ती नळावर भांडं भरून आणायला गेली.

भरतीच्या दिवशी त्याच्याबरोबर पळणारे चौघे गेले, त्यातले दोघे लागले. त्यांनी पेढे आणून दिले. भाच्यानं खाल्ले. पायाच्या व्यायामासाठी तो तेव्हा माझ्याकडेच मिरजेत राहायला होता. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसून सामने बघायचो, कारण दुसरं काय करायचं ते आम्हाला कळत नव्हतं. मी रेफरीवर बोलणं सोडलं होतं.

अशाच एका संध्याकाळी इंग्लंडचा सामना चालू होता. एकानं स्टड वर करून दुसऱ्याच्या गुडघ्यावर उडी घातली. हुबेहूब तसंच. रेफरी धावत आला आणि त्यानं क्षणाचाही विचार न करता लाल कार्ड काढलं. कुणी तक्रारसुद्धा केली नाही. टीव्हीवाल्यांनी ते चार वेळा दाखवलं. मला उठून जायचं होतं, पण गेलो असतो तर त्यातूनच त्याला सगळं कळलं असतं.

"ह्याला इंग्लंडमदीबी लालच देत्यात की, मामा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं. असला घाव जगातल्या कुठल्याच देशात माफ नाही. त्या दिवशी दहा पावलांवरून पळतानाही माहीत होतं. वीस वर्षं मैदानावर 'मला नियम शिकवू नका' म्हणून ज्याच्या त्याच्या अंगावर गेलो, तो मी टीव्हीकडे बघत राहिलो.

"न्हाई रं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "आसू द्या, मामा. सगळंच कुणाला म्हाईत असतंय," तो म्हणाला, आणि त्याच्यापुढचा चहा त्यानं माझ्याकडे सरकवला.