मामाचा उपाध्यक्ष

उभ्या सिंदेवाही तालुक्यात माझ्या मामाइतका पार्टीचा माणूस झाला नाही, आणि देव करो पुन्हा न होवो. एकदा त्याची दाढ ठणकू लागली. गावातला डॉक्टर विरोधी पार्टीचा, म्हणून सुजलेला गाल घेऊन हा एसटीनं तालुक्याला गेला. तिथला 'आपला' डॉक्टर गुराढोरांचा निघाला. तरी परत आल्यावर मामा म्हणाला, "हात हलका हाय त्याचा." अनुभव मोजायचं मापही तसंच. आपल्या पार्टीतला म्हातारा मुरलेला, त्यांच्यातला नासलेला. आपला नवखा असला तर नवं रक्त, त्यांचा असला तर दुधखुळं पोर.

हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं, पण आमच्या मच्छीमार सोसायटीची निवडणूक लागली. मामा अध्यक्षपदाला उभा राहिला आणि जोडीला उपाध्यक्ष शोधू लागला. तलावात मासळीचं बी, म्हणजे इवली पिल्लं, कधी सोडायचं ते उपाध्यक्ष ठरवायचा, आणि आम्हा ढिवरांचं वर्षभराचं पोट त्यावर. हे काम माझ्या आईइतकं कुणाला कळत नव्हतं. आई म्हणजे मामाची सख्खी बहीण, गावातल्या गावात दिलेली. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी बारा वर्षं कमिटीवर बसलेली. तिचा गुन्हा एवढाच, की बाबा दुसऱ्या पार्टीचे होते आणि त्यांच्यामागे तिनं झेंडा बदलला नाही.

"मामा, आईले घे ना जोडीले. बारा वर्षांचा अनुभव हाय तिले," मी म्हटलं.

"त्या पार्टीत राहून घेतलेला अनुभव हाय तो. उलटा पडते."

त्यानं घेतलं कोणाला? पार्टीचे झेंडे शिवणाऱ्या टेलरला! निवडून आल्यावर या टेलरनं मासळीचं बी कधी सोडावं? पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. आई तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, ओरडत होती, "भाऊ, तलाव एकडाव सांडू दे, मंग सोड. नाई तं सारं बी सांडव्यानं निंगून जाईन."

"विरोधक बोलून राह्यले, ध्यान देऊ नका," मामा चारचौघांत म्हणाला. सख्ख्या बहिणीला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार दिवसांत तलाव भरून सांडला आणि बी नाल्यात गेलं. आई कमरेएवढ्या पाण्यात जुनं लुगडं ताणून उभी राहिली. दुसरं टोक धरायला मी धावलो, तर माझ्याआधी मामा उतरलेला. दोघांनी मिळून दोन गुंड, म्हणजे दोन हंडे, बी वाचवलं असेल. त्या वर्षी अर्धं गाव मजुरीसाठी बल्लारपूरला गेलं. आणि हा गृहस्थ सभेत सांगतो काय, तर पाऊसच विरोधकांना मिळालेला होता!

पुढची निवडणूक आली तेव्हा आई नव्हती. आजारपणात आदल्या साली गेली. मामा आपल्या पॅनेलचा कागद घेऊन माझ्या घरी आला. उपाध्यक्षाची जागा कोरी होती.

"काऊन, टेलर कुठी गेला?" मी खवचटपणे विचारलं.

"त्याले काई समजत नाई. आपल्या पार्टीत पाणी समजणारं कोणीच नाई."

"मंग दुसऱ्या पार्टीत पाहा."

"पाह्यलं," मामा खाली बघत म्हणाला. "तिथीबी आता नाई."

मला अजून त्याचा राग येतो. आई ऐकायला होती तेव्हा हे म्हणायला काय झालं होतं? पण त्या दिवशी तो कागदाकडे बघत नुसता बसून राहिला, आणि त्याचं नाक अगदी आईसारखं आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं. मी त्याच्यासाठी भात वाढायला घेतला.