रिकाम्या समाधीचा बंदोबस्त

ती घटना आजही माझ्या मनातून जात नाही. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि दुष्काळ होता. मी तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होते.

एका लिंगायत व्यापाऱ्याने दानपत्रात आपली विहीर ‘सर्व गावासाठी’ दिली होती. विश्वस्त म्हणून गावच्या निवृत्त हेडमास्तरांचे नाव होते. न्यासाची नोंदणी अडकली होती. अर्ज जुन्या जिल्ह्यात होता आणि नवे कार्यालय म्हणे, कागद आलेच नाहीत. शेटजी वारले आणि विहिरीच्या वाटेवरच समाधी उभी राहिली. देगलूरला लेकीकडे ते वारले, पहाटे देह आणून इथे पुरला, असे या हेडमास्तर गुरुजींनी सांगितले. बौद्ध वस्तीकडून समाधीची विटंबना होईल म्हणून त्यांनी बंदोबस्त मागितला. मी दिला. गावातली माणसे दर्शनाला जात आणि येताना घागर भरून आणत. वस्तीतल्या बायकांना शिपाई परत पाठवत.

बंदोबस्ताच्या अठराव्या दिवशी वस्तीतली एक म्हातारी ठाण्यात आली.

“बाई, ती हीर खांदायला मी होते. हातभर माती हाय, खाली काळा फत्तर. सुरुंग लावलं तवा पानी लागलं. शेटच्या लोकांत मयताला बसवून पुरत्यात. बसल्यालं मानूस हातभर मातीत मावतंय व्हय?”

हवालदार हसला. “म्हातारे, तू इंजिनेर हायेस का?”

“न्हाई बाबा, मजूर हाय. म्हनून तर ठाव हाय.”

दुसऱ्या दिवशी जीप काढून देगलूर गाठले. तिथल्या जंगमांनी, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांनी, शांतपणे मला शेटजींची समाधी दाखवली. विधी त्यांनीच केला होता. मी जबाब घेतला.

गुरुजींना बोलावले. इतक्या वर्षांत आरोपी रडताना, ओरडताना, पाया पडताना पाहिले होते. यांनी जबाब वाचला, चष्मा पुसला आणि चहा मागितला.

“हाव, रिकामी हाय. ‘सर्व गाव’ म्हणजे वस्ती बी का, असं मी शेटजींना विचारलं होतं. ते म्हणाले, हाव. मंग मला दुसरा इलाज काय होता?”

वस्तीतल्या दोन पिढ्यांना याच माणसाने बाराखडी शिकवली होती.

तहसीलदारांसमोर पंचनामा केला. हातभर खाली पहार खणखणली. त्याच दुपारी तहसीलदारांनी टंचाईसाठी विहीर ताब्यात घेतली. एका पानाचा हुकूम. तो पहिल्या दिवशीही निघाला असता, पण मी मागितलाच नव्हता.

प्रतिष्ठित माणसाचा अर्ज आपण तपासत नाही, नुसता मंजूर करतो, हे मी तिथे शिकले. खोटी माहिती देऊन बंदोबस्त घेतल्याबद्दल गुरुजींवर कारवाई झाली. इतके दिवस बायकांना अडवले ते मात्र माझ्या शिपायांनी, माझ्या लेखी हुकमावर. त्याबद्दल मला कुणी एक शब्दही विचारला नाही.