रिकामा दाखवलेला दर्या

माझ्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिलेली मुलगी समुद्रावर पीएचडी करते, असं मी बिल्डिंगीत सांगायचे. ती म्हणायची, "मावशी, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर हो. त्या कुठे उभ्या करायच्या आणि किनाऱ्यावरच्या माणसांना त्याचं काय वाटतं, यावर." मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं वाचून नि ऐकून. पण आमच्या अंधेरीच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता तिने मला वारा, भरती, वीज असं काय काय समजावलं, आणि मलाही त्यात गोडी लागली.

वाऱ्याचं आणि पाण्याच्या खोलीचं गणित तिने कॉम्प्युटरवर केलं होतं. अडलं ते माणसांपाशी. तिच्या सरांनी सांगितलं होतं, कोळी लोकांचं म्हणणं आलं नाही तर प्रबंध पुढे जायचा नाही. आणि वेसाव्याच्या मासळी बाजारात तर तिच्याशी कुणी बोलेना! बिचारी तोंड पाडून बसली होती.

"गेली कधी होतीस तू?" मी विचारलं.

"रविवारी सकाळी. सगळ्या एकदम भेटतील म्हणून."

मी कपाळाला हात लावला. "अगं बाई, रविवारी सकाळी कोळणीला प्रश्न विचारलेस? अंगावर पाणी ओतलं नाही हे नशीब. गुरुवारी चल माझ्याबरोबर. गुरुवारी अर्धी अंधेरी मासे खात नाही."

तशा गेलो. माझी नेहमीची कोळीण पाटासमोर निवांत बसली होती. तीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते. मला बघून ओरडली, "गुरुवारची कशी गं तू? उपास मोडलास काय?"

"मासे नकोत. ही माझ्याकडे राहते, शिकते. हिच्याशी जरा बोल."

मुलीने लगबगीने नकाशा पसरला. किनारा हिरवा, पुढे नुसता पांढरा कागद आणि त्यावर लाल टिंबं. टिंब म्हणजे पवनचक्की.

"आणि हे पांढरं काय?" कोळणीने विचारलं.

"रिकामी जागा. तिथे काही नाही, म्हणून तीच निवडली."

कोळीण अशी काही हसली की शेजारचं मांजर उठून गेलं. "इकडे या गं सगळ्या! ही बोलते, आपला दर्या रिकामा हाय!"

पाच-सहा जणी जमल्या. मग त्यांनीच सांगितलं. दर्याच्या तळात खांब ठोकून त्यांना जाळी बांधतात, आणि प्रत्येक घराची जागा वाडवडिलांपासून ठरलेली. कागद कुठेच नाही. देवळाचा कळस आणि मागची टेकडी एका ओळीत आली की समजायचं, आपली जागा आली. कोळीण एका लाल टिंबावर बोट ठेवून म्हणाली, "ही माझ्या सासऱ्याची. आता पोरगा जातो."

मुलगी पांढरीफटक पडली. वर्षभर त्या टिंबांवर खपली होती ती. "वाट लागली, मावशी," मला हळूच म्हणाली.

कोळणीने ऐकलंच. "वाट कशाला लागंल? पेन दे इकडं."

ओल्या बोटांनी पेन धरवेना, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मुलगी रेघा ओढत गेली. मध्येच दोघी सख्ख्या जावा कुणाची जागा कुठे संपते यावरून भांडल्या. एकीने घरी नवऱ्याला फोन लावून खात्री केली. तासाभरात त्या पांढऱ्या कागदावर बोट ठेवायला जागा उरली नाही. दूर एका कोपऱ्यात तेवढं मोकळं राहिलं. कोळीण म्हणाली, "तिथं आमची जाळी नाय. तिथं घाल तुझी चक्की. पन विजेची वायर किनाऱ्याला कुठून आननार, ते आधी सांग."

हा प्रश्न मुलीच्या कागदावर नव्हताच. तिने तो लिहून घेतला. मग दुसरीने विचारलं, आमच्या पोरांना तिथे काम मिळेल काय? तिसरीने विचारलं, होडी जवळून जाऊ देतील काय? आता त्या विचारत होत्या आणि ही लिहीत होती. कान लाल, चेहरा असा फुललेला!

दोन वाजले तरी बायका थांबेनात. मुलीचे कागद संपले. "मावशी, कुणाला उठू देऊ नका हं," म्हणत ती वही आणायला धावली. मी तिच्या जागेवर पाय दुमडून बसले आणि त्यांना म्हटलं, "हं, वायरीचं काय म्हणत होतात?"