हिऱ्याच्या पोटातला लाल कण

आमच्या घरात भूगर्भशास्त्र आधी मी आणलं. धाकटीने माझीच पुस्तकं वाचली, माझ्याच भिंगातून आमच्या आसेगावच्या विहिरीच्या दगडातले पांढरे स्फटिक पाहिले. पुढे मी वाशीमला भूजलाच्या कामाला लागले आणि ती सुरतच्या प्रयोगशाळेत. हिऱ्याच्या आत अडकलेली खनिजं ओळखणं हे तिचं काम. कुणी तिच्याविषयी विचारलं की मी विषय बदलायची.

गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा बोटात अंगठी होती. आत डाग असलेला बारीक हिरा तिने मुद्दाम निवडून घेतला होता. बाबांनी माझं भिंग मागितलं. इतक्या वर्षांत माझ्या कामातला एकही दगड त्यांनी हातात घेतला नव्हता.

मी घाईने आधी पाहिलं. डाग काळा दिसला. "ग्राफाइट आहे," मी सांगून टाकलं.

"थांब ताई." तिने मोबाईलचा टॉर्च हिऱ्यामागे धरला. कण जांभळट लाल झाला. तो गार्नेट नावाच्या लाल खनिजाचा कण होता. प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली लेझर टाकून तिने खात्रीही करून घेतली होती. प्रत्येक खनिज तो उजेड आपापल्या तऱ्हेने परतवतं, हे ती बाबांना समजावू लागली. मी ते तिच्या आधी वाचलं होतं. यंत्र मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"हा आत गेला कसा वं?" बाबांनी विचारलं.

"गेला नाही बाबा. हा पहिलेच होता. हिरा याच्या भवताल वाढला."

बाबांनी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. मी भाकरी टाकायच्या निमित्ताने उठले. ती मागोमाग आली. कणाभोवतीच्या भेगांत ग्राफाइटही आहे, म्हणजे तू अगदीच चुकली नाहीस, असं म्हणाली. ती समजूत मला जास्त लागली. तिने सुरतला बोलावलं, तर मी सुट्टी नाही म्हणून सांगितलं. सुट्ट्या पडून होत्या.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "काहून नाही म्हणली तू तिले?"

"मले तिचा हेवा वाटते, बाबा."

"मंग जाऊन ये," बाबा एवढंच म्हणाले.

पावसाळ्यात मी गेले. तिने मला यंत्रापुढे बसवलं, एक हिरा ठेवला आणि आत कुठलं खनिज आहे ते सांगितलं नाही. पडद्यावरच्या आलेखाची रेघ पाहून मी म्हटलं, ऑलिव्हीन. बरोबर निघालं, आणि मी लहान पोरीसारखी हसले. तेवढ्यात तिचा सहकारी दुसरा हिरा घेऊन आला. माझ्याकडे पाठ करून तो तिलाच विचारू लागला, आणि मी खुर्ची मागे सरकवून त्यांना जागा दिली.