ड्यूकच्या चाकराला दिलेली दाद

बायको चर्चमध्ये सोलो गात होती आणि ऐन शांततेच्या जागी मी मोठ्यानं "क्या बात है" म्हणालो. मांडीवर थापही मारली.

तिची पुढची ओळ हुकली. साथीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा जुना भाऊबंद, वाजवणारा थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, मग तोही थांबला. कंडक्टरबाईंनी दोघांना आधीच्या ओळीपासून पुन्हा सुरू करायला लावलं. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इथली इंग्रज माणसं रागावली तरी हसतात. हे हसले नाहीत.

आता माझीही बाजू ऐका. आमच्या ब्रॅकनेल गावच्या क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, बायको कधीपासून मागच्या रांगेत उभी राहून इतरांच्या आवाजात आवाज मिसळत होती. यंदा पहिल्यांदा तिला एकटीला गायला मिळालं होतं. हे नीट पार पडलं तर ईस्टरचा मोठा सोलोही तिलाच, असं कंडक्टरबाई म्हणाल्या होत्या. गाणं होतं बरोक, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या एका जर्मन दरबारी संगीतकाराचं, ज्याचं नाव संगीतवाल्यांनाही आठवावं लागतं. पोळ्या लाटताना ती ते घोकायची आणि मी शेजारी उभा राहून फोनवर त्याचं चरित्र वाचायचो. वाचता वाचता माझं डोकंच फिरलं.

हा माणूस ड्यूकच्या पदरी. अंगावर नोकरांचा गणवेश, पंगत आचारी आणि मोतद्दारांबरोबर. दर रविवारी नवं गाणं पाहिजे, ड्यूकच्या वाढदिवसाला वेगळं. दुसऱ्या शहरात चांगली जागा चालून आली, तर ड्यूक म्हणाला, जायचं नाही. का, तर मर्जी. माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. मला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. हा संगीतकार मेल्यावर त्याच्या निम्म्या रचनांचे कागद म्हणे राजवाड्यातल्या बरण्यांची तोंडं बांधायला गेले. आणि एवढं सोसलेल्या माणसाबद्दल आमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलं काय, तर "कुशल, परंतु दुय्यम." हे लिहिणाऱ्यानं जन्मात एक तरी चाल बांधली असेल का?

अशा तापलेल्या डोक्यानं मी बाकावर बसलो होतो. तीच ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा गाणाऱ्यानं आपल्या हरकती घालायच्या, ही त्या काळची रीत. बायकोनं स्वयंपाकघरात कधीच घेतली नव्हती अशी जागा घेतली आणि वरच्या सुरावर नेऊन सोडून दिली. सगळं थांबलं. अशा वेळी आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान.

नंतर हॉलमध्ये चहाला जमलो तेव्हा मी कंडक्टरबाईंना हेच ऐकवायला गेलो. "ड्यूकच्या दरबारात लोक याच्या गाण्यावर कोंबडीच्या तंगड्या चावायचे, कुत्री भुंकायची. ते चालत होतं, आणि इतक्या वर्षांनी एका माणसानं दाद दिली तर गुन्हा?"

"दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग पॉइंट," असं म्हणून त्यांनी बिस्किटांची प्लेट माझ्यापुढे धरली. ती माझं तोंड बंद करायला धरली होती, हे मला दुसरं बिस्किट खाताना कळलं.

घरी जाताना गाडीत मीच विषय काढला.

"मी दाद दिली," मी म्हणालो.

"त्याला की मला?"

"दोघांनाही."

"मग दोघांचंही ऐकायचं होतंस. ती शांतता गाण्यातलीच आहे. त्यानं ती लिहून ठेवलीये. सुरांपेक्षा तिचीच तयारी जास्त केली होती मी."

यावर मी ड्यूकला आणखी चार शिव्या घातल्या. दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती प्रॅक्टिसहून आली. कोट काढायच्या आधीच म्हणाली, "ईस्टरचा सोलो मलाच दिलाय."

"बघ. म्हणजे माझा मुद्दा पटला त्यांना."

"त्यांनी विचारलंय, त्या दिवशी तुझा नवरा बाहेर पार्किंग सांभाळेल का. मी हो सांगितलंय."